नीलाचे सरळ केस

नीला लग्न होऊन उमाठ्यांच्या घरात आली आणि त्या दिवसापासून सुमतीनं आरशात पाहणं कमी केलं.

तोवर आठ वर्षं सुमती गोकुळपेठेतल्या त्या घराची एकटी सून होती. दिसायला नीटस, हाताला चव, बोलायला खमकी. केस तेवढे बेताचे. पण ते कधी कुणाच्या डोळ्यावर आलं नव्हतं, कारण शेजारी ठेवून पाहायला घरात दुसरं डोकंच नव्हतं. आता धाकट्या दिराची, वसंताची बायको आली आणि ते डोकं आलं. काळेभोर केस, कमरेच्या खाली चार बोटं पोचणारे, आणि सरळ. इतके सरळ की सासूबाई पार्वतीबाई म्हणत, "पाण्याची धार पाहून घ्या अन् नीलाचे केस पाहून घ्या."

पार्वतीबाईंनी वसंतासाठी अकरा मुली पाहिल्या होत्या. गोंदियाला बाराव्या मुलीला त्यांनी वेणी सोडायला लावली, पाठीवरून हात फिरवला आणि पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाल्या, "पक्कं करा." रंग, शिक्षण, हुंडा, मानपान, सगळ्या गोष्टी नंतर निघाल्या.

सुमतीला हे सगळं सोसता आलं असतं. सोसवत नव्हतं ते जेवणाच्या पंगतीतलं. एखाद्या दिवशी वरणात केस निघे. पार्वतीबाई तो चिमटीत धरून उजेडात नेत. केस वीतभर असला तर ताट सरकवत आणि म्हणत, "सुमती, डोक्याले फडकं बांधत जाय वं. कितीदा सांगावं?" आणि केस लांबत लांबत हातभर निघाला, तर त्यांचा चेहरा उजळे. "पाहा तरी, केवढा लांब आहे! नीलाचा आहे." मग तोच हात धुऊन त्या पुन्हा जेवायला बसत.

"केस तो केसच न?" सुमती एकदा नवऱ्याला म्हणाली. "तिचा काय खीर आहे अन् माहा काय कचरा?"

मनोहरराव कचेरीत हेडक्लार्क होते. दोन्ही बाजू ऐकून घ्यायच्या आणि फाईल तशीच ठेवायची ही त्यांची सवय. "जाऊ दे न," ते म्हणाले.

जाऊ देणं सुमतीच्या स्वभावात नव्हतं. तिनं गुपचूप माका आणला, जास्वंदीची फुलं तेलात उकळली, कांद्याचा रस लावला. त्या रसानं केस वाढले नाहीत, पण मनोहरराव आठ दिवस उशी घेऊन पलंगाच्या दुसऱ्या टोकाला झोपले.

लग्नाला पाच-सहा महिने झाले आणि आषाढात सुमतीच्या लक्षात एक गोष्ट आली. नीला आता सगळ्यांसमोर केस विंचरत नव्हती. न्हाऊन आली की डोक्याला टॉवेल घट्ट बांधायची, खोलीचं दार लावायची आणि बाहेर यायची ती बुचडा घालून, वर डोक्यावरून पदर घेऊन. पार्वतीबाईंना त्याचंही कौतुक. "शिकलेली पोरगी, पण डोक्यावरचा पदर पाहा, ढळत नाई. नाईतर आमच्याकडे..." पुढचं वाक्य त्या बोलत नसत, फक्त सुमतीच्या उघड्या डोक्याकडे पाहत.

एका रविवारी पार्वतीबाई बाहेर गेल्या होत्या. नीला मागच्या अंगणात नळाखाली वाकून डोकं धूत होती. सुमती वाळवण काढायला गेली आणि मुद्दामच पावलं न वाजवता गेली. नीलानं केस पुढे घेऊन झटकले, आणि सुमतीच्या हातातली कुरडयांची परात तशीच राहिली.

पाठीवर, खांद्यावर, खाली सगळीकडे ती पाण्याची धार होतीच. पण वर, डोक्यालगत, चार बोटं भरून केस कुरळे होते. थोडेथोडके नाहीत, कोकराच्या पाठीवर असतात तसे गच्च, बारीक वेटोळ्यांचे. जणू एका बाईच्या डोक्यावर दुसऱ्या बाईचे केस कुणी डिंकानं चिकटवले होते.

"अवं माय!" सुमती म्हणाली.

नीलानं वळून पाहिलं, टॉवेल ओढला, आणि मग ओढून उपयोग नाही हे कळून मटकन खाली बसली.

"ताई, तुम्हाले हात जोडतो. आईले सांगू नोका."

मग सगळं बाहेर आलं. नीलाचे केस जन्मापासून कुरळे. त्या केसांवरून दोन स्थळं परत गेलेली. तिचे मामा रेल्वेत, कलकत्त्याला. वसंताचं स्थळ सांगून आलं आणि मुलाच्या आईला सरळ केस हवेत असं कळलं, तेव्हा मामीनं तिला हावडा मेलमध्ये घालून नेलं आणि एका चिनी बाईच्या पार्लरमध्ये बसवलं. त्या बाईनं डोक्याला सडक्या अंड्याच्या वासाचं औषध थापलं आणि पाच तास केस फळीसारखे ताणून ठेवले. डोक्याची आग झाली, पण उठली तेव्हा केस कमरेच्या खाली गेले होते.

"पण ते औषध होत्या केसालेच लागते न ताई. नवे उगवतेत ते माह्येच उगवतेत."

"मग पुन्हा करून घे न."

"बर्डीवरच्या पार्लरमध्ये विचारलं मी. ब्लाउजपीस आणाले म्हणून गेली होती. ती बाई हसाले लागली. म्हणे, बहनजी, हमारे यहाँ तो सीधे बाल घुंघराले करवाने आते हैं. म्हणे आता कशाले हात लावू नका. वाढू द्या, अन् खालून दर महिन्याले दोन-दोन बोटं कापत जा. वर्षा-दीड वर्षात सगळे आपले येतीन." नीलानं डोळे पुसले. "अन् ताई, खरं सांगतो, मले आपलेच पाहिजे आता. पण कापू कशी? आई दर रविवारी पदराखाली टोकं धरून लांबी पाहतेत. अन् जिथं कुरळे संपतेत अन् सरळ सुरू होतेत न, तिथं फणी चालतच नाई. गुंताच होते. ओढलं की तुटते."

सुमतीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "मी काहून सांगू वं? माहं काय जाते?"

हे तिनं मनापासून म्हटलं. त्या दिवशी ती गाणं गुणगुणत स्वयंपाक करत होती. संध्याकाळपर्यंत मात्र तिच्या मनात दुसरा विचार आला. आपण सांगणार नाही म्हणजे नाही, शब्द तो शब्द. पण सासूबाईंना देवानं डोळे दिले आहेत. त्यांनी आपणहून पाहिलं, तर त्यात आपला काय दोष?

श्रावणातला पहिला शुक्रवार आला. जिवतीची पूजा, संध्याकाळी गल्लीतल्या बायकांचं हळदीकुंकू. दुपारी सुमती सासूबाईंना म्हणाली, "आई, आज नीलाची वेणी तुम्ही घालून द्या न. सणाचा दिवस आहे. चांगली पाचपेडी घाला, गजरा माळा. तुमच्या हातची वेणी गल्लीत कोणालेच येत नाई."

नीलानं तिच्याकडे असं पाहिलं की सुमतीला क्षणभर दूध उतू गेल्याचं निमित्त करून स्वयंपाकघरात जावं लागलं. पण ती लगेच परत आली. स्वयंपाकघराच्या दारातून काही दिसणार नव्हतं.

पार्वतीबाईंनी तेलाची वाटी घेतली, नीलाला पुढ्यात बसवलं आणि बुचडा सोडला. खालून फणी सरसर फिरली. वर गेली. मानेपाशी अडली. त्यांनी जोर लावला. फणीचे दोन दात तुटले. त्यांनी बोटं घालून चाचपलं. कित्येक आठवडे फणी न लागलेला तो भाग, जिथं कुरळे आणि सरळ एकमेकांत शिरले होते, तो आता लिंबाएवढी टणक गाठ होऊन बसला होता.

सुमती वाट पाहू लागली. आता कडाडतील. आता म्हणतील, हे काय गं?

पार्वतीबाईंनी तुटकी फणी खाली ठेवली, दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या, "माय रेणुके! माह्या घरी आली?"

"काय झालं आई?" सुमती म्हणाली.

"जट आहे वं! जट धरली देवीनं! माहूरगडाची माय सुनेच्या डोक्यात उतरली!"

"आई, जट काहून असंन? गुंता आहे तो. वरचे केस पाहा न, कुरळे—"

"गप!" पार्वतीबाई ओरडल्या. "देवीले कुरळी म्हणते? तोंडात मार आपल्या!"

सुमतीनं नीलाकडे पाहिलं. नीला खाली मान घालून बसली होती. तिला खरं बोलायची ती वेळ होती. पण खरं बोललं तर चिनी बाई, कलकत्ता, फसवणूक, माहेर. न बोललं तर देवी. कुठलीही शहाणी मुलगी जे करेल तेच तिनं केलं. ती गप्प बसली.

संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या बायका हळदीकुंकू विसरल्या. शेजारच्या मनकर्णाकाकूंनी सगळ्यांत आधी नीलाच्या पायावर डोकं ठेवलं आणि मग ती बातमी रामनगरपर्यंत नेली. दुसऱ्या दिवसापासून घराचा कारभार बदलला. नीलानं चुलीपाशी जायचं नाही, खरकट्याला हात लावायचा नाही. समोरच्या खोलीत पाटावर बसायचं. गळ्यात कवड्यांची माळ. वसंताची गादी बाहेरच्या ओसरीत आली. दर शुक्रवारी पुरणाचा नैवेद्य, आणि पुरण वाटायचं सुमतीनं. घरची मोठी सून म्हणून नीलाचे पाय धुवायचेही तिनंच.

पहिल्या शुक्रवारी पाय धुताना सुमती दात दाबून म्हणाली, "पाणी गरम तर नाई न झालं, देवी?"

"ताई, मले माफ करा न," नीला पुटपुटली.

"देवी काय म्हणते?" मागून मनकर्णाकाकूंनी विचारलं.

"आशीर्वाद देऊन राहिली," सुमती म्हणाली.

तेही चाललं असतं. पण तिसऱ्या शुक्रवारी मनकर्णाकाकूंनी पदर पसरला. त्यांची चांदीची वाटी आठ दिवसांपासून सापडत नव्हती. कामवाल्या बाईवर संशय होता. देवीनं सांगावं.

नीला बावरली. ती वाटी तिनं स्वतः पाहिली होती. काकूंनीच तिच्यातून आमटी पाठवली होती. "आमच्या फडताळात आहे न ती," ती म्हणाली. "वरच्या खणात, बरणीमागं."

पार्वतीबाई धावल्या. वाटी हातात घेऊन आल्या. मग एकदम सगळ्या बायका हात जोडून वाकल्या.

"अवं, ती वाटी मीच घासून ठेवली होती तिथं!" सुमती म्हणाली. कुणाचंही लक्ष नव्हतं. बायकांची रांग फाटकापर्यंत गेली होती. नारळ, खण, तांदूळ, केळी. एका बाईनं तर नीलाच्या अंगावर रेशमी काठाची साडी घातली. मोरपंखी. सुमतीला मोरपंखी रंग किती आवडतो हे त्या घरात आठ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं मनोहररावांना सगळं सांगितलं. कलकत्ता, चिनी बाई, सडकी अंडी. मनोहररावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. इतक्या वर्षांत दुसऱ्यांदा.

"मग आईले सांग न."

"सांगू?"

"सांग. पण ती म्हणीन, जळते."

"मी काहून जळू?" सुमती एवढ्या मोठ्यानं ओरडली की ओसरीतून वसंतानं विचारलं, "काय जळून राहिलं, वहिनी?"

दुसऱ्या दिवशी दिलेला शब्द बाजूला ठेवून सुमतीनं सासूबाईंना सांगितलंच. पार्वतीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सुमती, चिनी बाई देवी आणू शकते का?"

"नाई आई, पण ते केस—"

"मत्सर वाईट, पोरी. देवी समोर बसली आहे अन् तू तिच्या केसाले नावं ठेवून राहिली. अकरा शुक्रवार कडक उपास कर. पाणीबी सूर्य बुडल्यावर."

म्हणजे आता सुमती उपाशीपोटी पुरण वाटू लागली. वाटता वाटता ती मनाशी बोलायची. गोंदियाची पोरगी. औषधाच्या वासानं मामी नाक दाबून बसली असंन. अन् मी, साधी सरळ, पाच केस असले तरी आपले असलेली, मी उपास करून राहिली. नीलाचा आवाज आला तरी तिच्या हातातला वरवंटा जोरात फिरे. त्या दिवसांत उमाठ्यांचं पुरण फार बारीक वाटलं जातं अशी गल्लीत ख्याती झाली.

भाद्रपदाच्या अखेरीस एका दुपारी पार्वतीबाई भजनाला गेल्या होत्या. सुमती कपडे घड्या करत होती. नीला पाटावरून उठून आली आणि दाराशी उभी राहिली.

"ताई, शिवणाची कात्री कुठं आहे?"

"काहून?"

"कापून टाका मले. म्हणजे केस कापून टाका."

सुमतीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्या तिनं चेहऱ्यावर येऊ दिल्या नाहीत. "काहून वं? चांगली मजा आहे तुह्यी. साड्या येऊन राहिल्या, केळी येऊन राहिली."

"आई नवरात्रात माहूरले नेणार आहेत. म्हणतेत तिथं देवीपुढं शपथ घ्याची, जटेले जन्मभर कात्री नाई, फणी नाई. अन् यांनी..." नीलानं ओसरीकडे पाहिलं. "यांनी जन्मभर ओसरीत. काल हे मले म्हणाले, नीला, मी बायको आणली होती, मूर्ती नाई. माह्याशी नीट बोललेबी नाई नंतर." ती पाठमोरी झाली. "अन् हे पाहा न."

तिनं ती गाठ दोन्ही हातांनी वर उचलली. लिंबाचं आता नारळ झालं होतं. तेल, हळद, कुंकू आणि घाम यांचा चिखल झाला होता आणि त्याखाली मानेची कातडी लालभडक, ओली. सुमतीनं बोट लावलं तशी नीला कळवळली.

सुमतीच्या हातातली घडी खाली पडली. एवढे दिवस तिनं त्या केसांकडे पाहिलं होतं. त्यांच्याखाली मान आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"किती दिवसांपासून हे असं?"

"महिना झाला."

"अन् बोलली नाई?"

"कोणाले सांगू? तुम्ही तर..." नीला थांबली. "तुम्ही पाय धुताना चिमटे काढता."

सुमती उठली, खोबरेल तेल गरम केलं आणि त्या जखमेवर कापसानं लावत बसली. लावता लावता डोकं चालू झालं. कात्री घेऊन केस कापले तर सासूबाई घरातून काढतील, दोघींनाही. माणसाच्या सांगण्यानं देवी जाणार नाही. देवीनंच सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी ती पार्वतीबाईंपुढे बसली आणि म्हणाली, "आई, पहाटे मले दृष्टान्त झाला. देवी आली होती."

पार्वतीबाईंचा कप बशीवर आपटला. "तुह्या सपनात? माह्या काहून नाई आली? चाळीस वर्षं झाली मी शुक्रवार धरून राहिली!"

सुमतीला असा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. सासूबाईंच्या डोळ्यांत जे दिसत होतं, ते तिच्या चांगलं ओळखीचं होतं.

"मोठ्या सुनेचं काम होतं म्हणाली," ती चाचरत म्हणाली. "म्हणाली, माहा मुक्काम संपला. मोठ्या सुनेच्या हातानं मले मोकळी करा. सगळे केस, कानापासून. अन् नदीत सोडा."

"लुगडं कोणतं होतं?"

"अं?"

"देवीचं लुगडं! कोणत्या रंगाचं होतं?"

सुमतीनं सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहत पाहत शब्द सोडले. "हिरवं..." चेहरा हलला नाही, पण पडलाही नाही. "हिरवंच. काठ लाल."

पार्वतीबाईंनी कप बाजूला सारला. "मीच नेसवलं होतं माहूरले. वसंता झाला तेव्हा." मग पदराशी चाळा करत, लहान मुलीसारख्या म्हणाल्या, "माह्याविषयी काही बोलली का वं?"

ही बाई आपल्याला आठ वर्षं वीतभर केसांवरून बोलली होती. खुशाल 'नाही' म्हणता आलं असतं.

"बोलली न," सुमती म्हणाली. "म्हणाली, पार्वतीची सेवा पावली मले."

पार्वतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि तो बराच वेळ काढला नाही.

मंगळवारी अंगणात पाट मांडला. गल्ली लोटली होती. मनकर्णाकाकू आरतीचं तबक घेऊन सगळ्यांत पुढे. सुमतीनं शिवणाची कात्री हळदीकुंकू लावून हातात घेतली. पहिली कच् झाली आणि ती मोठी गाठ पाटावर पडली. नीलाच्या तोंडून एक लांब श्वास निघाला.

मग उरलेले सरळ केस. आणि इथे खरं सांगायचं तर सुमतीच्या मनातली दया थोडी बाजूला झाली. कच्. ती पाण्याची धार तिच्या पायाशी पडली. कच्. वरणातला हातभर केस पडला. कच्. गोंदियाच्या पोह्यांची बशी पडली. एवढं मन लावून तिनं आयुष्यात काही काम केलं नव्हतं. कापून झालं तेव्हा घाम आला होता आणि फार हलकं वाटत होतं. आता या पोरीच्या डोक्यावर उरलं काय? मेंढरू! गल्लीनं पाहावं.

वसंता ते सगळे केस पंच्यात बांधून स्कूटरवर कामठीपलीकडे कन्हान नदीत सोडायला गेला. जाताना शिट्टी वाजवत गेला. इकडे सुमतीनं नीलाचं डोकं शिकेकाईनं धुतलं. तीनदा. ऊन कडक होतं. डोकं वाळू लागलं.

वाळता वाळता एकेक केस उठला. वेटोळं घेतलं. कपाळावर एक महिरप आली, कानाशी दोन बटा आल्या, मानेवर लहान लहान वळ्या. एवढे दिवस लांब केसांच्या ओझ्यानं ओढलेला नीलाचा चेहरा एकदम मोकळा झाला. गालाला खळी पडते हे आजपर्यंत कुणाला माहीतच नव्हतं.

"अवं माय," मनकर्णाकाकू म्हणाल्या. "कृष्णासारखी दिसून राहिली!"

"देवीनं जाताना प्रसाद ठेवला!" पार्वतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी नीलाच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "पाहा, पाहा, कसे कुरळे सोन्यासारखे केस दिले! आमच्या खानदानात कोणाचे होते असे?"

सुमती कात्री हातात घेऊन उभी होती. हे आपण केलं होतं. आपल्या हातानं, मन लावून.

संध्याकाळी वसंता नदीवरून परतला, फाटकात बायकोला पाहिलं आणि त्याची स्कूटर तुळशीवृंदावनावर जाऊन आदळली. रविवारी तो तिला सिनेमाला घेऊन गेला. त्याच्या पुढच्या रविवारीही. गल्लीतल्या दोन मुलींनी बर्डीवरच्या पार्लरमध्ये जाऊन केस कुरळे करून घेतले. आणि पंगतीत पार्वतीबाई वरणातून एक वेटोळा केस काढून म्हणाल्या, "पाहा, अंगठीसारखा आहे. नीलाचा." सुमती पाणी प्यायली आणि उठली.

नवरात्राच्या आठव्या माळेला सकाळी फाटकात टांगा थांबला. रामटेककडच्या एका खेड्यातून एक बाई आली होती. सोबत बारा-तेरा वर्षांची मुलगी, डोक्यावर ओढणी, मान एका बाजूला कललेली. पार्वतीबाई लगबगीनं बाहेर आल्या. "या, या. नीला, पाट आण वं."

"देवी कोणात होती ते नाई विचारून राहिली मी," बाई म्हणाली. "देवी मोकळी करणाऱ्या बाई कोणत्या? ज्याईच्या हातानं देवी गेली अन् कोपली नाई, त्या?"

सुमती दाराआडून ऐकत होती. पार्वतीबाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा तिच्या केसांकडे न पाहता तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"ही आमची मोठी सून," त्या म्हणाल्या. "देवी हिच्याशी बोलते."

सुमतीला पाटावर बसवलं. ती 'नाही, नाही' म्हणत होती, पण त्या बाईनं तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि मुलीची ओढणी काढली. चार वर्षांची जट होती. मुलीला मान वळवता येत नव्हती, त्यामुळे ती डोळे तिरके करून सुमतीकडे पाहत होती.

सुमतीनं तेल मागवलं. दीड तास लागला. यावेळी ती घाई न करता, खाली बोट घालून, कातडी सांभाळत कापत होती. शेवटची बट सुटली तेव्हा मुलगी तशीच बसून राहिली. मग तिनं हळूच मान डावीकडे वळवली. उजवीकडे वळवली. वर आभाळाकडे पाहिलं.

"माय, हलकं वाटून राहिलं," ती म्हणाली आणि हसली.

तिची आई रडू लागली. पाहायला आलेल्या मनकर्णाकाकू रडू लागल्या. सुमतीलाही काहीच सुचेना. थोडा वेळ तिला केस, सासू, जाऊ, काहीच आठवलं नाही. ती त्या पोरीच्या मानेकडे पाहत राहिली.

मग आल्या बायकांनी तिची ओटी भरायला घेतली. खण, नारळ, आणि त्या रामटेकच्या बाईनं टोपलीतून काढलेली जांभळी साडी, काठ जरीचा. फाटकात दुसऱ्या टांग्यातून आणखी दोघी उतरत होत्या. बातमी पुढे गेली होती.

पाहुण्यांचा स्वयंपाक पाहावा म्हणून सुमती क्षणभर आत गेली. स्वयंपाकघरात नीला पुऱ्या तळत होती. कपाळावरच्या बटा घामानं चिकटल्या होत्या आणि झारा कढईवर जरा जोरातच आपटत होता.

"जांभळी दिली का तुम्हाले?" तिनं मागं न पाहता विचारलं.

"हाव."

"जरीची?"

"हाव."

झारा पुन्हा आपटला. "दोन महिने मान सडवली मी. केस माह्ये होते, जट माह्यी होती, कलकत्त्याले मी गेली होती. अन् मले जरीची एक नाई दिली कोणी. लोकाईले काही कळतच नाई."

सुमती दारात उभी राहून ऐकत होती. तो आवाज, तो झारा, ते मागं न वळणं, सगळं तिला पाठ होतं. तिला वाटलं, जवळ जावं, पाठीवरून हात फिरवावा, आणि म्हणावं, अवं, तुहं ते रूप आहे, अन् वरून नवरा सिनेमाले नेऊन राहिला, अजून काय पाहिजे?

बाहेरून पार्वतीबाईंची हाक आली, "सुमती! लवकर ये वं, लोक थांबून राहिले!"

सुमतीनं जांभळ्या साडीची घडी काखेत नीट धरली.

"पुऱ्या जराशा लाल होऊ दे, नीला," ती मायेनं म्हणाली, "पाहुणे आहेत," आणि बाहेर जाऊन पाटावर बसली.